नळीची पातळ बाजू

मी, बंदुका दुरुस्त करणाऱ्याची विधवा, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही भरीस घातलेलं नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते.

१. राहतं घर आणि खालचा कारखाना मुलीला. अंगणाकडच्या दारात रुतलेला पोलादाचा तुकडा उपटू नये. तो तिच्या वडिलांच्या मानेतून आरपार गेलेला आहे.

२. नळीची जाडी मोजायचं माप मुलीलाच. ठोकळ्यात घट्ट बसवलेली लांब सळई, तिच्या टोकाला सायकलच्या बेअरिंगमधली गोळी, वर डायल. नळी सळईवर चढवून सावकाश फिरवायची. आतून गोळी टेकते, बाहेरून डायलचं टोक. मधलं पोलाद किती उरलंय ते काटा सांगतो. वाचनालयातल्या पुस्तकावरून मी हे घरी केलं, ह्यांच्यानंतर.

ह्यांची रीत वेगळी होती. बाहेरच्या व्यासातून आतला वजा करायचा आणि उरेल ते निम्मं करायचं. भोक मधोमध असेल तर ते बरोबर. पण दिराने गंज काढताना एक नळी आतून एकाच अंगाने घासली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एका बाजूला दोन मिलिमीटर, समोर पाव. ह्यांच्या हिशोबात नळी पास झाली. अंगणात चाचणीचा बार काढला आणि ती शिवण उसवावी तशी उसवली. ह्यांचा डावा पंजा जागेवर नव्हता. मी दोन्ही हातांनी मान दाबून धरली. "हिशोब बरोबर होता गं," हे एवढंच म्हणत राहिले, आवाज संपेपर्यंत.

३. मोठा हातोडा दिराला. फुटक्या नळीचे तुकडे मोजून मी त्याच्यापुढे आकडे ठेवले, तेव्हा म्हणाला, "वहिनी, पुस्तकं वाचून कुणी कारागीर होत नाही."

"मग तुम्हीच मोजा, भाऊजी."

त्याने हाच हातोडा मापावर घातला. मी वर हात आडवा धरला होता. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हा गेली. माप मी पुन्हा केलं.

४. पुस्तकं वाचनालयाला. समासात माझी भांडणं आहेत, ती खोडू नयेत.

५. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द. त्यात ह्यांची स्वतःची दुनळी बंदूक दिराला दिली होती. तो कित्येक वर्षं मागतोय. तिची डावी नळीही त्यानेच घासलेली. मी मोजली होती, तीही एका अंगाने तितकीच पातळ. आकडा मृत्युपत्रात लिहिला नव्हता, आणि तो आकडा विसरल्यामुळे राहिलेला नव्हता.

गेल्या महिन्यात मुलीने ती नळी मापावर चढवली. काटा बघून म्हणाली, "आई, काकाला हे माहीत आहे?"

मी नळी मापावरून उतरवू लागले.

"तो बार काढेल तेव्हा शेजारी कोण उभं असेल, ते लिहिलंयस?"

दोन्ही नळ्यांचे मी करवतीने तुकडे केले आहेत. दिराला बंदुकीचा लाकडी दस्ता द्यावा, आणि हे कलम त्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावं.

वरील मजकूर मी वाचून, दोघांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर २. वाचनालयाच्या बाई
स्थळ: कारखाना, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळ
सही