ओली पाठ

मंगळवार, ६ जानेवारी

पुन्हा! गाऊन पाठीला चिकटलेला, चादर ओली, उशीची कडसुद्धा ओली. बाहेर थंडीने दात वाजतायत आणि मी घामाने चिंब. नवरा नेहमीसारखा उजाडायच्या आत बेकरीत गेलेला. बिछाना उपसायला मी! गादी उन्हात टाकायला खिडकीशी ओढली तर सासूबाई दारात हजर. "आम्हाला नाही बाई असलं काही झालं. माझी पाळी गेली ते घरात कुणाला कळलंही नाही."

कळणार कसं? कुणी विचारलं असतं तर ना!

गुरुवार, ८ जानेवारी

झोप पुरी नाही. कामावर पडद्याचा काठ वाकडा शिवला, सगळा उसवावा लागला. शेजारच्या मशीनवरची म्हणते, "अगं, वय! त्यात टेन्शन घेतेस. आता हे असंच चालायचं." तिला आम्ही हवामान खातं म्हणतो. कुणाच्या घरी कधी काय होणार, सगळं तिला आधी कळतं. स्वतःची सून घर सोडून गेली तेवढं सोडून.

जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. पडद्यांना रिंगा बसवायचा पंच आहे आमच्याकडे, एक ठोका की काम झालं. "जुनं चामडं ताणतंच," म्हणतो. नवा घे म्हटलं तर ऐकायला नको! मागे एक पाडून दिलं होतं, आता हे.

शुक्रवार, ९ जानेवारी

दवाखाना. बाकावर बसून कंबर धरली आणि आत गेले तर डॉक्टरीणबाई माझ्याकडे कमी, घड्याळाकडे जास्त. घाम कुठे येतो? मान, छाती? म्हटलं, पाठीला. "फक्त पाठीला?" भुवई वर गेली आणि लगेच खालीही आली. वजन उतरलंय? नाही. (उतरलं असतं तर नाचले नसते का!) संध्याकाळी कणकण, थंडी? नाही. खोकला? नाही हो, नाही!

"मग वयाचंच आहे." गोळ्या लिहून दिल्या. वर चहा बंद. घाम राहिला बाजूला, कुऱ्हाड पडली माझ्या चहावर!

सोमवार, १२ जानेवारी

चहा नाही. डोकं ठणकतंय. घाम आहेच. कुणी माझ्याशी बोलू नये.

गुरुवार, १५ जानेवारी

काल रात्री नवऱ्याने टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं. ऐन थंडीत! मी कुडकुडतेय आणि हा माझ्या पाठीला चिकटून घोरतोय. का, तर याला थंडी वाजते! तरी सकाळी पाठ ओलीच.

आज दुपारी विचारलं, "एकाच गादीवर झोपतोस, तुला ओलं लागत नाही?" हसला. "मी भट्टीचा माणूस. अंगातलं बनियन कधी कोरडं असतं ते मलाच माहीत नाही. अंधारात एक काढायचं, दुसरं घालायचं, की चाललो." मग खोकत खोकत पाणी प्यायला गेला. पीठ बसतं घशात. एवढी वर्षं बसतंय, आता मास्क लाव म्हणून सांगायचंही सोडून दिलं मी. कोण ऐकतंय?

शनिवार, १७ जानेवारी

प्लास्टिक! तान्ह्या बाळाच्या खाली घालतात तसलं! साहेब कौतुकाने घेऊन आले, गादीवर पसरलं, वर चादर घातली आणि म्हणतात कसे, "चला, गादी तरी वाचली!" बायको गेली तरी चालेल, गादी वाचली पाहिजे! तेही सासूबाईंच्या देखत. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी पाहिलं.

जेवणाचं ताट तसंच सोडलं, पिशवी भरली. "आता कुठे निघालीस?" मागून सासूबाई. म्हटलं, जिथे माझ्यापेक्षा गादीचं कौतुक नाही तिथे!

धाकट्या बहिणीकडे आलेय. तिने दारातच हातातली पिशवी घेतली. चहा टाकला. मग मात्र रडू आवरेना.

रविवार, १८ जानेवारी

कोरडी. पाठ खडखडीत कोरडी!

मंगळवार, २० जानेवारी

आजही कोरडी. दोनदा चहा पिऊन, गोळी न घेता, वर बहिणीची जाड रजई घेऊन! कसलं वय आणि कसलं काय! रोग त्या घरात आहे. हवामान खात्याचा एक अंदाज तरी खरा ठरला, टेन्शनच होतं ते. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा, याचं हसणं, सगळं त्या गादीतच मुरलंय.

उद्या कामावर जाण्याआधी घरी जाते. भाषण पाठ केलंय. एकेकाला असं सुनावणार आहे की ज्याचं नाव ते! बहीण विचारते, "कपडे आणायला चाललीस की भांडायला?" दोन्ही.

बुधवार, २१ जानेवारी

नवरा पहाटेच गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "बिछाना तसाच पडलाय. बायको नाही तर आवरणार कोण?" तावातावाने चादर ओढली. चिंब. प्लास्टिकच्या खळग्यात पाणी साचलेलं.

आणि मी तर शनिवारपासून तिथे झोपलेच नव्हते.

माझ्या पाठीला लागायचा तो त्याचा घाम होता. डॉक्टरीणबाईंचे प्रश्न आठवले, ज्यांना मी फणकाऱ्याने नाही नाही म्हणत गेले. थंडी. खोकला. वजन! पट्ट्याला भोकं मीच पाडून दिली, माझ्या हाताने.

आज कामावर जात नाही. भाषणातलं एक अक्षर आठवत नाहीये. सासूबाईंनी विचारलं, "आता कुठे निघालीस?"

म्हटलं, त्याला आणायला.