गुलाबी पट्ट्यातली अत्तरं

२८ सप्टेंबर, रविवार. दिवस २२

आज इफरावर ओरडले. कारण – तिने माझा पेन घेतला. पेन! तोही नंतर तिचाच निघाला.

ती हैदराबादची. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, प्रेशर गेज तपासते. मी वजनं तपासते – कारखान्यांतून, सोनारांकडून येणारी. एक किलोचं वजन खरंच एक किलो आहे का, एवढंच माझं काम. ते मी मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत सांगू शकते. आणि माझं स्वतःचं डोकं महिन्यातून सात दिवस कुठे जातं, ते सांगता येत नाही.

सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "तारीख आयी क्या?" मी मान हलवली. तिने अबायाच्या खिशातून मोगऱ्याची छोटी कुपी काढली. "ये सूँघ. गुस्सा जाता नहीं, बस थोडा बाजू सरकता."

वजनांच्या खोलीत अत्तर चालत नाही – हाताचं तेल वजनाला लागलं की आकडा बदलतो. म्हणून कापसाचा फाया करून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला. जेवणाच्या सुट्टीत उघडला.

चिडचिड शून्य ते दहा अशी मोजायची ठरवली. आधी ८. दहा मिनिटांनी ६. एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. पण ६ हे ८ पेक्षा कमी आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. दिवस २४

यतीनने ताइफच्या गुलाबाचं अत्तर आणलं. खरं, दाट, मधासारखं. बाटली हातात दिली आणि म्हणाला, "अमू, बँकेतले हाइलच्या शाखेचा मॅनेजर करतायत मला. जानेवारीपासून."

हाइल! जेद्दाहून जवळजवळ नऊशे किलोमीटर. तिथे गहू पिकतो. कॅलिब्रेशन लॅब असल्याचं मला तरी माहीत नाही. आणि जानेवारीपासूनच माझी सही प्रमाणपत्रावर चालणार आहे – दोन वर्षं त्यासाठी वजनं उचलली. वीस नोव्हेंबरला परीक्षक येऊन माझं काम बघणार आहेत.

नाही म्हणाले. मग पुन्हा नाही म्हणाले, मोठ्याने. मग रडले. रडायचं नव्हतं.

तो शांत. तो नेहमीच शांत. "अगं, तुझे दिवस जवळ आलेत. आत्ता नको. नियम तुझाच आहे ना?"

आहे. माझाच आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्यात, असल्याच एका मंगळवारी, मी रागाच्या भरात नोकरीचा राजीनामा पाठवला आणि त्यांनी तासाभरात स्वीकारला. त्यानंतर आम्हा दोघांच्या कॅलेंडरमध्ये मी बावीस ते अठ्ठावीस दिवसांवर गुलाबी पट्टा ओढला. पट्ट्यात मोठा निर्णय घ्यायचा नाही. पट्ट्यात बोललेलं धरायचं नाही. लग्न झालं, इथे आलो, पट्टाही आला. हुशारी वाटली होती तेव्हा.

गुलाब : आधी ९, नंतर ८. यंत्रात काही दोष असेल. यंत्र म्हणजे मी.

१ ऑक्टोबर, बुधवार. दिवस २५

मोगरा, ७ वरून ५. जेवणात दोनदा मीठ घातलं. यतीन न बोलता जेवला – त्याचाही राग आला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दिवस २७

शेजारणीने बखूर दिला होता, इथला सुगंधी धूप. निखाऱ्यावर ठेवला. पहिली दोन मिनिटं वाटलं, बरं वाटतंय. मग घरभर धूर, सतरा शिंका, डोळे लाल. यतीन खोकत बाल्कनीत. आधी ६, नंतर ९. बखूर बाद!

५ ऑक्टोबर, रविवार. दिवस १

आली. पोटावर गरम पाण्याची पिशवी. आईने गावाहून दिलेला वाळा पाण्यात टाकून प्यायले, थोडा उशीपाशी ठेवला. वाळ्याला आकडा देत नाही. तो अत्तर नाही.

राग गेला. असा जातो, जसा पाहुणा न सांगता उठून जावा. हाइलबद्दलचं मत मात्र गेलं नाही. ते जागेवर आहे. तपासलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दिवस ५

आज डोकं स्वच्छ. मीच विषय काढला. जसाच्या तसा लिहिते.

मी : हाइलचं बोलायचं होतं.
तो : झालं की बोलून त्या दिवशी.
मी : मी नाही म्हणाले होते.
तो : ते धरायचं नसतं ना?
मी : मग आता म्हणते.
तो : अमू, नऊ दिवस तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, शांत झालीस, पटलं. मी त्यांना हो कळवलं गं. तोंडीच. पक्कं नोव्हेंबरअखेर.

म्हणजे पट्ट्यातला नकार धरायचा नाही, आणि पट्ट्याबाहेरची शांतता हा होकार.

मी उठले. भांडी घासली. दिवस पाचवा आणि चिडचिड ८. हा आकडा कुठल्या रकान्यात टाकू?

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवस १७

लक्ष्मीपूजन. सासूबाईंनी पाठवलेलं उटणं रात्री भिजवलं नि सकाळी लावलं. त्या वासाने पाच मिनिटं चिपळूणला गेल्यासारखं झालं – मी चिपळूणची नसूनही.

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. यतीन फोन माझ्या हातात देऊन आंघोळीला गेला.

"हाइलला थंडी असते म्हणे. स्वेटर विणायला घेतलाय तुझा."
"आई, माझं अजून ठरलं नाही."
"यतीन म्हणाला, तुझे ते दिवस असले की तू नाही म्हणतेस."
मी फोन दुसऱ्या हातात घेतला.
"तुमचं बरंय बाई, कॅलेंडर वगैरे. आम्हाला कावळा शिवला की तीन दिवस कोपऱ्यात. तेवढीच पाठ टेकायला मिळायची." हसल्या. मग म्हणाल्या, "बोललेलं मात्र आमचं कुठल्याच दिवशी कोणी धरलं नाही. विटकरी रंग चालेल ना गं स्वेटरला?"

चालेल म्हणाले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. दिवस २४

चंदन. म्हैसूरचं, काचेच्या नाजूक बाटलीत. आणि सोबत : "लॅबला कधी सांगतेस? दोन महिन्यांची नोटीस लागेल ना?"

मी मनगटाला चंदन लावलं आणि हुंगत राहिले, उत्तर द्यावं लागू नये म्हणून. आधी ९. नंतर ९. पंधरा मिनिटांनी पुन्हा – ९.

"बरं बरं," तो म्हणाला. "आत्ता काही बोलू नकोस." माझ्या खांद्यावर थोपटलं. चहा करून आणला. चहा चांगला होता. यानेच जास्त चिडचिड होते – चहा चांगला असतो!

३० ऑक्टोबर, गुरुवार. दिवस २६

एक विचित्र गोष्ट. आज सकाळी चिडचिड फक्त ४ होती. लॅबला निघताना सहज ताइफचा गुलाब उघडला. ७! वासानेच वर गेली. मोगरा हुंगला – ५. पुन्हा गुलाब – ७. चंदन – ७. मागचा ऊद कपाटात होता, तोही काढला – ६.

लॅबमध्ये काटा भरकटला की नवीन मुलं काट्याला शिव्या देतात. मीही द्यायचे. काटा बहुतेक वेळा बरोबर असतो. आधी बघायचं, आपण त्यावर काय ठेवलंय.

इफराचा मोगरा काम करतो. यतीनची अत्तरं करत नाहीत. असं का? उत्तम आहेत, मोगऱ्याहून कितीतरी भारी.

घरी येऊन सगळ्या बाटल्या उलट्या केल्या. घरात काही आलं की तळाला तारखेचं लेबल लावते, लॅबची सवय. मग कॅलेंडर मागे नेलं.

ऊद, १० जून. दिवस २४. त्या दिवशी म्हणाला, लॅबजवळचं घर सोडू, अल अझीझियात त्याच्या बँकेपाशी घेऊ. मी ओरडले. आता मी अल अझीझियात बसून हे लिहिते आहे.

पांढरी कस्तुरी, ६ ऑगस्ट. दिवस २५. ड्रायव्हिंग स्कूलमधला माझा नंबर लागला होता. "उन्हाळ्यात कशाला? हिवाळ्यात बघू." भांडले. अजून टॅक्सीने जाते.

गुलाब. दिवस २४. हाइल.
चंदन. दिवस २४. राजीनामा.

एकही बाटली पट्ट्याबाहेरची नाही. माझ्या वाढदिवसाला त्याने पर्स दिली होती, पाडव्याला कानातलं. अत्तर फक्त पट्ट्यात. पट्टा महिन्याचा चौथा भाग. चार बाटल्या चारही वेळा योगायोगाने त्यातच पडायची शक्यता – दोनशे छप्पन्नात एक.

बाटल्या पुन्हा सरळ केल्या.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्याला माहीत आहे की या दिवसांत मला सुगंधाने बरं वाटतं. पट्टा बघून नवरा अत्तर आणतो, यात वाईट काय? आणि पट्टा खोटा नाही. तो पेन खरंच इफराचा होता.

हेतू मोजायचं एकक नाही. तारखा मोजता येतात.

१ नोव्हेंबर, शनिवार. दिवस २८

कोपऱ्यावरच्या अत्तराच्या दुकानात गेले. नदीमभाई लखनौचे, सगळ्या हिंदुस्तानी बायकांना बेटी म्हणतात. मोगरा मागितला. म्हणाले, "चंदन पसंद आया? साहब पंद्रह दिन पहले बोल गए थे – नदीमभाई, अट्ठाईस तारीख को ले जाऊँगा, अच्छावाला रखना. ऐसे क़दर करनेवाले शौहर कहाँ मिलते हैं, बेटी!"

अठ्ठावीस तारीख. पंधरा दिवसांपूर्वीच ठरलेली.

मी हसले असेन. मोगरा घेऊन आले.

२ नोव्हेंबर, रविवार. दिवस १

पोट फार दुखतंय. तरी सकाळी पहिलं काम हे केलं : कॅलेंडर उघडलं. पुढचा पट्टा तेवीस ते एकोणतीस नोव्हेंबर पडायला हवा. तो ओढून बारा ते अठरावर ठेवला.

काटा खरा की खोटा हे त्याला विचारून कळत नाही. माहीत असलेलं वजन ठेवावं लागतं.

यतीन दिवस मोजत नाही. गुलाबी रंग बघतो. त्याने आज माझ्यासाठी पिशवीत गरम पाणी भरून दिलं. तरी बारा तारीख कशी काय, हे त्याच्या लक्षात येणार नाही. विचारलं तर खरं सांगेन. हे मी स्वतःशी पक्कं केलंय. विचारलं तर लगेच सांगेन.

इफराला सांगितलं. तिने हातातला गेज टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "और अगर वो नै आया अत्तर लेके?"

तर मी त्याची माफी मागेन. मनापासून. तेच व्हावं असं वाटतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दिवस ५

हाइलबद्दल मीच विचारलं. शांतपणे, जेवताना. "बघू गं, अजून वेळ आहे." टीव्हीचा आवाज वाढवला.

९ नोव्हेंबर, रविवार. दिवस ८

पुन्हा विचारलं. म्हणाले, मला यायचं नाही, आपण दुसरा काही मार्ग काढू. तो म्हणाला, "दमलोय, पुढच्या आठवड्यात बोलू निवांत."

पुढच्या आठवड्यात.

लॅबमध्ये आज वीस किलोचा पूर्ण संच एकाच फेरीत बरोबर आला. मॅनेजर म्हणाले, परीक्षकांसमोर असंच कर. आनंद व्हायला हवा होता. दिवसभर डबी उघडून मोगरा हुंगत होते आणि नोंद करत नव्हते.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दिवस ११

पट्टा सुरू. अत्तर नाही. जीव एवढा हलका झाला की संध्याकाळी शिरा केला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दिवस १२

अत्तर नाही. तो ऑफिसमधल्या गमती सांगत होता. मी खूप हसले. मी किती संशयी आहे! उद्या-परवा त्याला सगळं सांगून टाकावं, वही दाखवावी. दोघं हसू.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दिवस १४

केवड्याचं अत्तर. बाटलीखाली घडी केलेला कागद – माझा राजीनामा. त्याने टाइप केलेला, शुद्धलेखन नीट, फक्त सहीची जागा रिकामी.

नाही म्हणाले. आवाज चढला नाही. तो कॅलेंडरवर अंगठा ठेवून म्हणाला, "हो गं, कळतंय मला. हे दिवस जाऊ देत."

केवडा हुंगला. सुरेख आहे. चिडचिड – आधी १, नंतर १.

मग त्याच्यासमोर बाटलीच्या लेबलवर तारीख आणि खरा दिवस लिहिला आणि सांगितलं : पट्टा मी सरकवला होता, आज चौदावा दिवस. हा नकार धरायचा.