दादाच्या नव्या मॉनिटरची कर्मकहाणी

चिरंजीव खुडबुड्यास,

आत्याचा पोटभर आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. तर आपल्या घरात फोनला रेंज येते ती एकाच खोलीत, आणि त्या खोलीत माझा दादा, म्हणजे तुझे पूज्य वडील, सकाळपासून ठाण मांडून बसलेला असतो. त्याची नजर जसजशी कमी होतेय तसतसे त्याचे कान तिखट होतायत. परवा मी स्वयंपाकघरात नुसता सुस्कारा टाकला, तर बाहेरून विचारणा झाली की आता काय सांडलंस. अशा माणसासमोर फोनवर मनातलं काय बोलणार, कप्पाळ? माझे गुडघे आहेत तसेच आहेत, म्हणजे दोन आहेत आणि दोन्ही दुखतात. तुझी तब्येत कशी आहे? मनापासून विचारतेय. दर रविवारी तू ‘मजेत’ म्हणतोस खरं, पण इतक्या घाईने म्हणतोस की मागे कोणी कुत्रं लागलंय असं वाटावं.

आता दादाच्या डोळ्यांचं. डॉक्टरीणबाईंनी तुला फोनवर थोडक्यात सांगितलंय, मी लांबण लावून सांगते. नजरेचा मधला भाग जाणार आणि कडा राहणार. म्हणजे दादाला दाराची चौकट दिसते, पण दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. माझे कान दिसतात, नाक दिसत नाही. (त्यात तोटा काहीच नाही, असं तो म्हणतो. दुखणं आलं तरी जिभेचं हाड अजून उगवलेलं नाही.) ज्या माणसाने उभं आयुष्य डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळांच्या पोटातली केसाएवढी स्प्रिंग उचलली, त्याला आता भिंतीवरचं घड्याळ विचारावं लागतं. पुढच्या खोलीतलं दुकान त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं. मी रडले, तर म्हणाला, तुझं काय गेलंय. असा माणूस. पण डॉक्टरीणबाईंना मात्र त्याने हळूच विचारलं की पूर्ण अंधार व्हायच्या आत पोराचा चेहरा एकदा नीट बघून घ्यायचाय, लॅपटॉपवर काही दिसत नाही, काही करता येईल का. त्या म्हणाल्या, आजोबा, मोठा पडदा आणा, चेहरा परातीएवढा केला तर कडेच्या नजरेने बराचसा कळेल. झालं. दुसऱ्याच दिवशी मॉनिटर घरात. इतका मोठा की जेवणाच्या टेबलावर ठेवला तर जेवायला जमिनीवर बसावं लागेल. तो आता दुकानाच्या टेबलावर उभा आहे, जिथे पूर्वी लोकांची घड्याळं ओळीने टिकटिकत असायची.

वायर जोडली, बटण दाबलं, आणि मॉनिटरवर निळी पट्टी आली, ‘नो सिग्नल’. पट्टी इकडून तिकडे फिरायची आणि मग अंधार. मी म्हटलं, हे माझ्या खात्यातलं आहे, तू हो बाजूला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी मी या भोकातली वायर त्या भोकात खुपसण्यात घालवली, कित्येक लग्नं जुळवली आणि दोन-तीन मोडलीही असतील. मी वायर काढली, फुंकली, पदराला पुसली, परत घातली. उलटी करून घातली. मॉनिटरच्या मागे एकसारखी दिसणारी भोकं आहेत, त्या प्रत्येकात घातली. पट्टी हलेना. दादा म्हणाला, वायरीत काही नसतं, बिघाड नेहमी पोटात असतो. आणि मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्या कोऱ्या करकरीत मॉनिटरची पाठ उघडून बसला! बोटांनी चाचपून त्याने स्क्रू काढले, ब्रश फिरवला, आणि सगळे जागच्या जागी बसवले. एकही उरला नाही, हे मला तीनदा सांगितलं. हात अजून तसाच आहे रे त्याचा, डोळेच फितूर झाले. मॉनिटर मात्र तसाच काळा.

मग वरच्या मजल्यावरचे भूमितीचे मास्तर आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आमंत्रण लागतं थोडंच. लॅपटॉपमध्ये नेहमीच्या सॉफ्टवेअरऐवजी लिनक्स आहे म्हटल्यावर त्यांनी असा चेहरा केला की जसं काही आम्ही घरात अजगर पाळलाय. (जाताना तूच ते घालून गेलास. म्हणालास, आत्या, याला व्हायरस लागत नाही, याला काही म्हणता काही होत नाही. खरं बोललास. काहीच होत नाही.) मास्तरांनी फोनवर शोधून शोधून त्या काळ्या खिडकीत, तू टर्मिनल म्हणतोस त्यात, इंग्रजी मंत्र टाइप करायला सुरुवात केली. पहिल्या मंत्राला लिनक्सने सांगितलं की असा मॉनिटर आमच्या ऐकिवात नाही. दुसऱ्याला सांगितलं की तुम्हाला परवानगी नाही. यावर मास्तर भडकले. शिकवलेल्या मुलांनी असं उलट बोलल्याची त्यांना सवय नसावी. ते सेटिंगमध्ये शिरले, तिथे एक बाण सापडला, तो त्यांनी दाबला, आणि लॅपटॉपचाच पडदा खालचा वर आणि वरचा खाली झाला. मोठा मॉनिटर मेलेला आणि धाकटा शीर्षासनात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मास्तरांना तेवढ्यात गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. नंतर मी लॅपटॉप उलटा धरून, मान वाकडी करून, उलट्या चालणाऱ्या बाणाचा पाठलाग करत तो सरळ केला. मान अजून धरलेली आहे. दादा सगळा वेळ शेजारी बसून विचारत होता, आता आलं का, आता काही दिसतंय का. हसावं की रडावं ते कळेना.

खरी गोम पुढे आहे. पडदा सरळ झाल्यावर कोपऱ्यात एक पाटी दिसली. नवी नव्हती, कित्येक महिन्यांची जुनी ओळखीची. नवे बदल बसवलेत, ते लागू व्हायला संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. पाटी आली की मी वाचून दाखवायची आणि दादाने म्हणायचं, नंतर. तू गेलास त्या दिवसापासून तो लॅपटॉप एकदाही बंद झालेला नाही, माहितीये तुला? झाकण लावतो, उघडतो, बास. कारण तुझ्या बापाचा धर्म तुला ठाऊक आहे, चालतं घड्याळ हाताने थांबवायचं नाही. कोणी कितीही म्हणो, जरा थांबवून साफ करा, दादाचं उत्तर ठरलेलं, चालतंय ना, मग त्याच्या वाटेला जाऊ नका, थांबवलेलं परत त्याच चालीने चालेल याची हमी मी देणार नाही. आणि हा लॅपटॉप तर तू तुझ्या हाताने चालू करून गेलेला. मला त्यातलं काही कळत नाही, पण एक्स्चेंजमध्ये अर्धा बोर्ड नवा आणि अर्धा जुना असला की कोणाचा फोन कोणाला लागायचा नाही, एवढं मी पाहिलंय. आतली जुनी माणसं आणि नवी माणसं एकमेकांना ओळखत नसतील, मग बाहेरच्या मॉनिटरला कोण ओळखणार? म्हटलं, दादा, बंद करून बघू या. आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, पोराने लावून दिलेलं आहे, बिघडलं तर रविवारी बोलणंही बंद होईल. मी म्हटलं, आणि नाही बिघडलं तर चेहरा दिसेल. तो दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी मी दिवा लावायला दुकानात गेले, तर तो लॅपटॉपसमोर ताठ बसला होता आणि त्याचं बोट बटणावर होतं. मला पाहून (माझे कान पाहून) म्हणाला, कुठलं बटण गं, हेच ना. हो म्हटलं. त्याने डोळे मिटले, मिटून काय वेगळं होणार होतं कोण जाणे, आणि दाबलं. सगळं काळं झालं. तो मात्र पुटपुटत होता, चाल बाबा, चाल.

आणि चाललं की रे! आधी धाकटा उजळला, मग मोठा. खोलीत एवढा उजेड पडला की दादा म्हणाला, खिडकी उघडलीस का. मी त्याला मिठी मारायला गेले, तर म्हणाला, वायर ओढशील. बारीकसारीक भानगडी राहिल्या. लिनक्सच्या मते मोठा मॉनिटर डावीकडे आहे आणि आमच्या मते उजवीकडे, त्यामुळे बाण उजवीकडे न्यायचा तर डावीकडे ढकलावा लागतो. पण सुनेची सवय होते तशी याचीही झाली. बातम्यांचे मथळे आता दादा मोठे करून, मान तिरकी करून, एकेक अक्षर वेचतो. काल त्याने स्वतः एक अख्खी ओळ वाचली. भाव वाढल्याची होती, तरी आनंदाने वाचली.

एकच तक्रार आहे. रविवारी तुझा कॉल आला की चित्र काळं येतं. आवाज येतो, चित्र नाही. बाकी सगळे दिवस मॉनिटर लख्ख. दादाचं म्हणणं, कॉलचा भार वायरीला पेलत नाही. चांगल्यापैकी कोणती वायर घ्यावी आणि ती किती लांब असावी, ते सवडीने कळव. प्रकृतीला जप, वेळेवर जेव.

तुझी,
आत्या

ता. क. वायरीबद्दल काही कळवू नकोस. वायरीला धाड भरलेली नाही. आत्याबाईला मिशा नसल्या तरी डोळे आहेत. आजवर रविवारी तुझा कॉल आला की दादा चाचपून एंटर दाबायचा आणि मी बापलेकांचं बोलणं म्हणून आत जायचे. मॉनिटर लागला त्या रविवारी मात्र हौसेने त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. एवढा मोठा काळा चौकोन, मध्ये एक गोल आणि त्यात तुझ्या नावाचं पहिलं अक्षर. तू कॅमेरा बंद ठेवला होतास. दादाला कळू नये म्हणून टाइप करून विचारलं, तर तू लिहिलंस, नेट स्लो आहे. स्लो नेटवर तू शेजाऱ्याच्या मांजराची अख्खी गोष्ट न अडखळता सांगितलीस. दादा मात्र नवा शर्ट घालून बसला होता रे. तासभर त्या अक्षराकडे मान तिरकी करून बघत होता. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, तुला तरी दिसला का गं? मी म्हटलं, नाही, वायर सैल असेल. तेव्हापासून रोज तो ती वायर काढून पुसून घालतो.

ता. क. दुसरा. तिथे तुझं काय बिनसलंय ते मी विचारत नाही. नोकरी गेली असेल, बायकोशी पटत नसेल, खोली उकिरडा झाली असेल, दाढी छातीपर्यंत आली असेल. दाढी तर त्याला आधी दिसेल, कडेला असते. रडत असलास तरी चालेल, आमच्याकडेही अधूनमधून तेच चालू असतं. आणि हे तुला कळवायचं नाही अशी दादाने मला शपथ घातलीय, पण मोडते. लॅपटॉपवर तुझ्या जागी काळं दिसायला लागलं, तेव्हा त्याला वाटलं की आपले डोळे गेले. तोवर जेमतेम अंधूक होत होतं. पण पोरगा दिसेना म्हटल्यावर त्याने त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. त्या वेळी तो चष्म्याविना स्क्रूचे आटे मोजायचा. येत्या रविवारी कॅमेरा लाव. नाहीतर मला त्याला खरं सांगावं लागेल, की दादा, तुला तेव्हा चांगलं दिसत होतं.