मागच्या पडवीतला झोपाळा

१७ मार्च, तुडील
येसाजी गेला. गेला कसला — मारला! डोक्याच्या मागे घाव. स्वतःच्याच बंगल्यात, मागच्या पडवीत, झोपाळ्याखाली. अंगावर शाल कुणीतरी नीट पांघरलेली.
आणि पुढच्या अंगणात देवीची पालखी नाचत होती. मी पण नाचलो. मधलं दार बंद होतं.
पालखीसाठी म्हणून कालपासून मी, त्याचा जुना दोस्त, इथेच माडीवर मुक्कामाला. नव्या घरात पालखी पहिल्यांदा येणार, येसाजी लहान पोरासारखा झाला होता. आज ती दारात आली तेव्हा ओवाळायला त्याच्या घरी कामाला असलेली मैना एकटी. म्हणाली, "शेटना ताप हाय. हाका मारू नका."
ताप? येसाजी तिरडीवरून उठून आला असता.

१८ मार्च
पोलीस पंचनामा करून गेले. डोक्यातून जात नाही. आयुष्यभर पंप दुरुस्त केले, मोटरीला कान लावून आत काय बिघडलंय ते सांगितलं. हे सांगता येऊ नये?
काल उजाडता उजाडता झोपाळा वाजत होता. माडीवर स्पष्ट ऐकू आला. दोनदा करकर, मग टाच घासल्याचा आवाज, मग थांबला. परत तसंच. त्या वेळी येसाजी आंघोळीला जातो, न्हाणीत पाणी पडत होतं. कडीला तेल घालू का विचारलं की म्हणायचा, "नको रे रावजी, वाजू दे. एकटा माणूस, सोबत होते."
म्हणजे झोपाळ्यावर दुसरं कुणी. घरात आम्ही तिघंच.
मैना!

२० मार्च
गावकी बसली. मी उभा राहिलो. झोपाळा, शाल, बंद दार, तापाची थाप — एकेक करून मांडलं. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. खरं लिहितो — मजा आली.
शेवटी विचारलं, "मैना, शेट मेलेत हे पालखी यायच्या आधी तुला ठाऊक होतं का नव्हतं?"
"व्हतं."
एवढंच. मग बायकाच उठल्या, पदर सावरून तिच्यापासून लांब जाऊन बसल्या. पोलीस साहेब चौकशीला घेऊन गेले तिला. भरतने पाठीवर थाप मारली, "बाबा, भारी पकडलंत!" पोरगा कधी नव्हे ते कौतुक करतो. बरं वाटलं.

२१ मार्च, महाड
दुकानात गिऱ्हाइकं पंप सोडून हेच विचारतात. दोनदा सांगितलं.

२४ मार्च
बायकोने, आवडीने, आज ताट वाढलं आणि समोर बसली.
"मैनानं दार का लावलं, तुमाला खरंच कळलं नाय?"
"खुनी म्हणून."
"फ्लॅटात राहून गाव इसरलात तुमी. मयत झालेल्या घरात पालखी शिरती का? मयताची हाक फुटली असती तर देवी दारातून मागं फिरली असती. वर्षभर वाट बघत व्हता तो माणूस."
घास हातातच राहिला. माझ्या आज्याचं सुतक पडलं त्या साली आमच्या दारावरून पालखी पुढे गेली होती. आई उंबऱ्यात बसून रडली होती. मला हे ठाऊक होतं! आवाज तेवढा ऐकला, माणूस ऐकला नाही.

२५ मार्च
साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काका, त्या दिवशीही तुम्ही असेच छातीठोक बोलत होतात. दार लावल्याचं कारण कळलं. पण झोपाळ्यावर ती नव्हती, तर कोण होतं?"
 ते कळेपर्यंत ती सुटत नाही.
मैनाची भेट झाली. मान वर करवेना माझी. तिनेच विचारलं, "भाऊ, जेवलात का?" मग म्हणाली, "मी गोठ्यातून आले तवा शेट थंड व्हते. देवीचं दर्शन घडल्याबिगर कसं न्यायाचं त्यांना? शाल टाकली न् दार लावलं. पाप लागलं तर लागंल मला."
"गावकीत का नाही सांगितलंस गो?"
"तुमी बोलायला जागा कुठं ठेवलीत?"

२७ मार्च
दुकानात गेलो नाही. बिरवाडीच्या कारखान्याची मोटर तशीच पडून आहे. कुणाचीच मोटर उघडावीशी वाटत नाही. कुणी 'हुशार माणूस' म्हणालं की कानात शिशाचा रस.
भरत येसाजीच्या पुतण्याशी येसाजीच्या नदीकाठच्या जागेचं बोलतोय — तिथे हॉटेल टाकायचं खूळ जुनंच. येसाजी त्याला हसून म्हणायचा, "आधी सावित्री नदीला इचारून ये." तेराव्याच्या आत कसली बोलणी! रागावलो. 

६ एप्रिल
आमच्या गॅलरीतल्या झोपाळ्याला दर आठवड्याला तेल घालतो मी. माझ्या घरात काही वाजलेलं मला खपत नाही. या गडबडीत राहून गेलं.
सकाळी आत पेपर वाचत होतो. दोनदा करकर. टाच घासली. थांबला. परत तसंच.
पेपर खाली ठेवून बाहेर गेलो. झोपाळ्यावर भरत.
"काय हो बाबा? असं काय बघताय?"
आवडी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी घावन घालत होती. झोपाळ्याच्या तेलाची बाटली गॅलरीच्या खिडकीत होती. हात बाटलीकडे गेला — गेला, खोटं कशाला लिहू.
मग साहेबांना फोन लावला. म्हणालो, झोपाळ्यावर कोण होतं ते ओळखलं. त्या बाईला सोडा.
"कोण होतं, काका?"
ते विचारत राहिले. गॅलरीत झोपाळा वाजत होता. मी पोराचं नाव सांगितलं.