झणझणणारी गिटार

सांगली, ९ डिसेंबर १९९५

आज पुन्हा त्या झणझणीवरून वाद. गिटारची घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तुटली म्हणून मिरजेच्या चाचांकडे दिली होती. जन्मभर सतारीच केल्या त्यांनी, हिचीही घोडी हाताच्या सवयीने सतारीसारखी घासून ठेवली. तेव्हापासून तार छेडली की झणझणत राहते. पहिल्या दिवशी रडायचाच बाकी होतो. पण मग त्या झणझणीवरच गाणं सुचलं. माझं स्वतःचं, पहिलं. एरवी काय, कॅसेटी ऐकून दुसऱ्यांची नक्कलच की!

तालमीत ऑर्केस्ट्राचा मालक दिलीप भडकला. "लेका, साताऱ्याच्या कार्यक्रमाला ही झणझण चालायची न्हाई. घोडी बदल, न्हाईतर मी दुसरा गिटारवाला बघतो."

तडक मिरजेला गेलो. चाचा ओशाळले. "चुकलं माझं. नवी बसवून देतो."

नवी घोडी हातात घेतली. बदलावी का? क्षणभर वाटलंही. मग परत दिली.

"आवं चाचा, हीच राहू द्या. फक्त ही जाड तार जरा कमी झणझणतीया. तिच्याखाली घोडी तेवढी घासून द्या."

चाचांनी कानस उचलली.

दिलीपला दुसरा गिटारवाला मिळेल. माझं गाणं मात्र त्याच्या गिटारवर वाजायचं नाही.