तेवीस छिन्न्या आणि सुरतची नोकरी

आधी काय घडले ते लिहिते, म्हणजे पुढची कलमे का आली ते समजेल.

१. या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी डहाणूतल्या आमच्या दागिन्यांच्या डायच्या (पोलादी साच्यांच्या) कारखान्यात भूकंपाच्या धक्क्याने जमीन पुन्हा हलली.
२. बाकीच्यांबरोबर आम्ही तिघेही बाहेर पळालो: मालक दीपेशभाई शहा, पॉलिश करणारी संगिता वावरे आणि मी.
३. बाहेर आल्यावर माझ्या हातात अर्धवट कोरलेली डाय होती. पर्स आणि मोबाईल आत राहिले होते.
४. पर्समध्ये सुरतच्या एका कंपनीचे नोकरीचे पत्र होते. ते मी कारखान्यात कोणाला दाखवले नव्हते. तरी सर्वांना माहीत होते.
५. अंगणात उभे असताना संगिताने विचारले, "ताई, तू सुरतला गेली तं तुझी हत्यारं कुणाला?"
६. माझ्याऐवजी दीपेशभाई म्हणाले, "भंगारात. दुसऱ्याच्या हाताला बसतात काय ती?"
७. याहून दुसरे उत्तर शोधण्यासाठी हे मृत्युपत्र.

मी, कु. मयूरी हरेश्वर सावे, वय २७, शिक्षण टूल अँड डायमेकिंगचा डिप्लोमा, राहणार नरपड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी सांगितलेले नाही. उलट दोघांनी नको म्हटले. माझी प्रकृती उत्तम आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला कशासाठी हवा ते सांगितल्यावर डॉक्टरांनी माझा रक्तदाब दुसऱ्यांदा मोजला. तो पुन्हा योग्यच आला.

मरण्याचा विचार नाही. आपले काय कोणाकडे जावे हे लिहायला घेतले की आपल्याकडे काय आहे ते कळत असावे, अशी शंका होती; ती तपासून पाहायची होती. मृत्यूच्या वेळी मी सुरतला असेन की डहाणूला, हे आज ठरलेले नाही. म्हणून प्रत्येक कलम दोन्ही ठिकाणांहून वाचून पाहिले आहे.

कलम १. नरपडचे घर आणि चिकूची वाडी यांत माझा जो कायदेशीर हिस्सा येईल तो भाऊ जतीन यास मिळावा. अट एकच. त्याने पाहुण्यांना "मयूरी सोनाराकडे कामाला आहे" असे सांगणे बंद करावे. मी सोन्याला हात लावत नाही. मी पोलादात नक्षी उलटी आणि खोल कोरते. त्या डायवर सोन्याचा पत्रा ठेवून दाब दिला की दागिना सुलटा उठतो. हे वाक्य पाठ करण्यास जतीनकडे पुरेसा वेळ आहे, अशी आशा करते.

कलम २. बँकेतील ठेव आईस मिळावी. सुरतचा पगार आजच्या अडीच पट आहे, त्यामुळे मी तिकडे गेले तर हे कलम वाढेल. बाकीची कलमे वाढताना दिसत नाहीत. पगाराचा आकडा ऐकून पप्पा वाडीत पाणी सोडायला गेले आणि अंधार पडल्यावर आले. आईने एवढेच विचारले की कंपनी देणार त्या खोलीला खिडकी आहे का. मी ते विचारले नव्हते. फोन करून विचारले. आहे.

कलम ३. जमनाआत्या, राहणार घोलवड, हिने चुलतभावाच्या हळदीत सर्वांसमोर म्हटले होते की लोखंड ठोकणारीच्या हातात बांगड्या कशा टिकायच्या. तिला माझ्या दोन डझन काचेच्या बांगड्या द्याव्यात. सर्व टिकल्या आहेत. कामावर घालत नाही, एवढेच कारण.

कलम ४. पोपटाच्या दोन डाय दीपेशभाईंकडेच राहाव्यात. त्या त्यांच्या मालकीच्या आहेतच. पण त्या वितळवू नयेत, ही विनंती. कारखान्यात आल्यावर पहिल्या वर्षी मी कानातल्याच्या जोडीसाठी त्या कोरल्या. जोडीत एक डावा आणि एक उजवा पोपट लागतो, म्हणजे घातल्यावर दोघे चेहऱ्याकडे बघतात. मी पहिला इतका चांगला कोरला की दुसरा हुबेहूब तसाच कोरला. दोघे एकाच दिशेला बघत होते. दीपेशभाईंनी ठसा घेऊन पाहिला आणि सगळ्यांना बोलावून म्हणाले, "जुओ, बघा, मयूरीबेनचा एक पोपट नवरीवर रुसलाय." वर्षभर मला सकाळी "पोपट बोलतो काय?" असे विचारले जाई. त्यानंतर मात्र काहीही कोरण्याआधी मी डोळे मिटून ते आरशात पाहते. हे मला कोणी शिकवले नाही. त्या पोपटामुळे आले.

सुरतच्या मुलाखतीत मी ही गोष्ट सांगितली. ते साहेब चांगले होते. त्यांनी स्क्रीनवर मोराचे पीस काढले, एक बटण दाबले आणि उलटे पीस शेजारी आले. अशी चूक तिथे होऊच शकत नाही. मग कापणारे यंत्र दाखवले. केसाहून बारीक रेघ ते न थांबता मारते. मला ते पुन्हा पाहायचे आहे, हे इथे लिहून ठेवते. मी विचारले, माझी हत्यारे आणू का. ते म्हणाले, "बेन, हत्यार की क्या ज़रूरत? माउस कंपनी देगी."

म्हणून कलम ५ सुरतहून वाचता येत नाही. तिथे माझ्याकडे ठेवून जाण्यासारखे हत्यार नसेल.

कलम ५. माझ्या तेवीस छिन्न्या, दोन हातोड्या, कानशी आणि भिंग संगिता वावरे, राहणार तालुका तलासरी, हिला मिळावे. कारण असे. जेवणाच्या सुट्टीत ती भंगाराच्या तुकड्यावर माझ्या छिन्नीने रेघ मारते. रेघ वाकडी येते. ती पुसत नाही. शेजारी दुसरी मारते आणि विचारते की तुझी रेघ टोकाला बारीक कशी होते. सध्या हादऱ्यांमुळे तिच्या पाड्यावर सगळे घराबाहेर ताडपत्रीखाली झोपतात. झोप झालेली नसते, तरी सकाळच्या जीपने येते आणि पुन्हा तेच विचारते. मला ते सांगता येत नाही. हात धरून दाखवता येईल.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून संगिताला साक्षीदार करता येत नव्हते. का, हे सांगताना हत्यारांचे सांगावे लागले. तिने हातातले काम खाली ठेवले.

"म्हणजे तू मरायची वाट बघत बसू काय मी?"

तिचा मुद्दा बरोबर आहे. आमच्यात प्रत्येक कारागीर आपली छिन्नी आपल्या बोटांप्रमाणे घासून घेतो. दुसऱ्याला ती वापरायची तर पहिल्याच्या शेजारी बसून, स्वतःच्या हाताला येईपर्यंत पुन्हा घासावी लागते. पहिला जिवंत नसेल तर दीपेशभाई म्हणतात तेच खरे, भंगार. थोडक्यात, हे कलम माझ्या मृत्यूनंतर अमलात येऊ शकत नाही. ते आधीच अमलात आणावे लागेल.

अडचण अशी की कारखान्यात कोरणारे खिडकीजवळ बसतात आणि पॉलिशच्या बायका मागच्या पडवीत. पाड्यावरची कोणी अजून खिडकीजवळ बसलेली नाही. मी दीपेशभाईंना तोंडी विचारले. ते म्हणाले, "पछी, मग पॉलिश कोण करेल? तू?" मी म्हटले, अर्धा दिवस मी करीन. ते हसले आणि चहा सांगायला गेले. ते नाही म्हणाले, असे मी धरलेले नाही.

इतके लिहिल्यावर माझ्याकडे काय आहे ते दिसले. मी इथे खुश आहे. रविवारी संध्याकाळी मला सोमवारचा कंटाळा येत नाही. पण खुश असणे मला पुरेसे कारण वाटत नाही. मी उठल्यावर खिडकीजवळची माझी जागा रिकामीच राहणार असेल, तर आजच उठून सुरतचे ते यंत्र शिकलेले बरे. शेजारी संगितासाठी दुसरे स्टूल येणार असेल, तर मी सुरतला नकार कळवीन आणि पगाराबद्दल बोलणार नाही.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी श्री. दीपेशभाई शहा यांना नेमते. ते टोमणे मारतात, पण सांगितलेला दिवस चुकवत नाहीत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो मला मान्य आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली आहे. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: मयूरी हरेश्वर सावे

साक्षीदार:
१. सोनल बारी, शिक्षिका, नरपड (नको म्हणणाऱ्यांपैकी एक)
२. मनिष खरपडे, इलेक्ट्रिशियन, डहाणू

ठिकाण: नरपड
दिनांक: १७ मार्च २०१९

व्यवस्थापक श्री. दीपेशभाई यांस: सुरतला माझे उत्तर १ एप्रिलपर्यंत द्यायचे आहे. कलम ५ प्रमाणे खिडकीजवळ संगितासाठी स्टूल ठेवण्यास आपली परवानगी आहे किंवा नाही, हे बुधवार, दिनांक २७ मार्च २०१९ रोजी कारखाना बंद होण्यापूर्वी लेखी कळवावे.