आठ जणांच्या टाळ्या

तीर्थरूप दादास,
धाकट्याचा लांबूनच नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, जेवण पोटभर मिळतं. आईला एवढंच वाचून दाखव.

हे रॉक बँडवाले रेकॉर्डिंगसाठी आपली कव्वाली गिटारवर बसवतायत. माणसं भली आहेत, पण एकत्र बसून वाजवतच नाहीत. ज्याने त्याने काचेच्या खोलीत, हेडफोन लावून, एकट्याने वाजवायचं. टाळ्याही मी एकट्यानेच दिल्या. सवयीने डावीकडे तुझ्याकडे पाहिलं आणि ताल चुकला.

मग माझ्याच टाळ्या यंत्राने आठपट करून त्यांनी अख्खी कव्वाल पार्टी उभी केली.

तुझा गुडघा कसा आहे? बैठकीत माझी जागा कुणाला दिलीस का?

गाणं आलं की आईला ऐकव. ती म्हणेल, "पोरगा माणसांत आहे." म्हणू दे. ते आठही जण मीच आहे, हे मात्र सांगू नकोस.

तुझ्या उजव्या हाताला बसणारा,
धाकटा